कुंपणावरचं मक्रूत

आमच्या आणि प्रयोंगमावशीच्या घरामधलं कुंपण
पेचबुरी नदीकडे जाता जाता वाकडं होतं,
आणि जिथं वाकडं होतं नेमकं तिथं
मक्रूत उभं.
लिंबूच म्हणायचं, पण रस मागाल तर कद्रू;
फळ देवीचे व्रण राहिल्यासारखं,
काटे बोटभर.
सगळा जीव पानात.

पानही एकटं नाही.
एकाच्या शेंड्यातून दुसरं फुटलेलं,
मध्ये चिमटीएवढी कंबर.
आई म्हणायची, हे एकच पान. दोन मोजशील
तर बाजारात फसशील.

मी आठ वर्षांची असताना
पाण्याच्या पंपावरून दोघींचं बोलणं तुटलं.
आमच्या घरात विचाराल तर साडेतीन हजार बाट,
तिच्या घरात चार.
त्यानंतर दोघींच्या मध्ये मी होते
आणि झाड.

आधणाला उकळी फुटली की आई म्हणे, जा, तीन पानं.
मी काट्यांतून हात घाले.
पलीकडून त्याच फांदीवर मावशीचा हात,
सैल कडं, हळदीनं पिवळी नखं.
ती काही म्हणत नसे.
एकदा फक्त फांदी खाली ओढून धरली,
माझी बोटं पोचेपर्यंत.
हे मी घरी सांगितलं नाही.

दिवेलागणीला दोन्ही चुलींवरून तोच वास निघे
आणि कुठलं कालवण कुणाचं
ते होडीतल्या माणसाला कळत नसे.

शनिवारी न्हाणं.
निखाऱ्यात भाजलेलं मक्रूत आई चिरायची,
गरम गरम माझ्या केसांत चोळायची.
डोळे झोंबत.
"मिट म्हटलं ना!"
कुंपणापलीकडेही तांब्याचा आवाज येई:
मावशी, स्वतःच्याच डोक्यावर, एकटी.

मावशी गेली ती दुपारची, पंख्याखाली,
मांडीवर निवडायची भाजी.
मुलगा बँकॉकहून यायला रात्र होणार होती.
आईनं आकडी उचलली
आणि कधी नव्हे ते कुंपण ओलांडून
त्यांच्या बाजूची फळं काढली. सात.
साल किसली, ओली हळद ठेचली,
जुन्या माणसांना घालत तसं पाणी केलं.
आधी हात धुतले.
मग केस. पांढरे, पण किती लांब होते,
आम्हाला ठाऊकच नव्हतं.
कपाळावरून ओघळ डोळ्याकडे निघाला
तशी आई पटकन म्हणाली,
"मिट म्हटलं ना."

चौदा वर्षांत ती तिच्याशी बोलली
ते एवढंच.

विहारात मुलाच्या हाती द्यायच्या पांढऱ्या पाकिटात
आईनं चार हजार घातले.
मी पाहिलं, हे तिनं पाहिलं.
साडेतीनच होते,
असं ती आजही म्हणते.