ओळंबा

लीट्रिमच्या आमच्या वसाहतीत
चाळीस घरं व्हायची होती. सात झाली.
बाकीच्यांच्या नुसत्या भिंती, खिडक्यांच्या जागी आभाळ,
आणि रस्त्याकडेला दिव्यांचे खांब, आत तार नसलेले.
बिल्डर कॅनडाला गेला म्हणे.

फिंटनचं गिलाव्याचं काम सुटलं त्या नोव्हेंबरात.
पहिले आठ दिवस तो सकाळी गाडीतच जाऊन बसायचा,
डबा मांडीवर घेऊन.
मग एकदा त्यानं ग्रानियाची वेणी घातली,
गिलावा करावा तशी, ओल्या हातानं, दाबून दाबून.
शाळेतून ती तशीच परत आली.
एक केस हलला नव्हता.

सात घरांत मिळून गवत कापायचं एकच यंत्र.
त्यापायी समोरच्या पोलिश माणसाचं नाव कळलं, मिरोस्लाव.
तीन वर्षं आम्ही त्याला ‘पांढरी व्हॅन’ म्हणत होतो.
त्याच्या बायकोनं बिटाचं सूप पाठवलं,
मी त्याच भांड्यातून सफरचंदं.
ते भांडं कुणाचं, आता दोघींनाही आठवत नाही.

बँकेची पत्रं यायची.
ते दिवस गोड होते असं मी म्हणणार नाही.
ग्रानियानं एकाच बुटांवर दोन हिवाळे काढले.

पण रात्री काळोख असा,
की बँकेला, बिल्डरला नावं ठेवून दमलेला फिंटन
कुंपणापाशी उभा राहून
ताऱ्यांना नावं ठेवू लागला:
थापी. सांडलेला चुना. ओळंबा.

परवा कौन्सिलनं खांबांत तारा ओढल्या.
सगळे बाहेर येऊन टाळ्या वाजवत होते.
मीही वाजवल्या.
ग्रानिया, आता सतरा वर्षांची,
डोळ्यांवर हात धरून वर बघत होती.
“आई, ओळंबा कुठंय?”