जड पाणी

व्युर्त्सबुर्गच्या नळाला खडू येतो.
किटलीच्या पोटात दर पंधरवड्याला पांढरा थर,
व्हिनेगर ओतून मी तो खरवडते.
आणि आता योरिंडेला मासे हवेत,
निळ्या रेघेचे, बोटाच्या पेराएवढे,
कुठल्याशा काळ्या नदीतले, मऊ पाण्याचे.

दुकानातला पोरगा शिडीवर चढतो.
कोळशाची पिशवी. जांभळ्या उजेडाची नळी.
पाणी चहासारखं करणारे मातकट गोळे.
आणि हे, तो खाली उतरून खोक्यावर थाप मारतो,
एक बादली गाळताना तीन बादल्या गटारात,
पण जे येतं ते इतकं शुद्ध
की त्यात काहीच नसतं.

काहीच नसतं, हे मला शिकवू नकोस, पोरा.
चोवीस वर्षं मी त्याच पाण्याशेजारी उभी आहे.
डायलिसिसच्या खोलीमागे भिंतभर तसलंच यंत्र गुरगुरतं.
पहाटे मी त्याच्या पाण्यात क्लोरीनची पट्टी बुडवते,
रंग बदलला नाही तरच पहिली सुई.
मग त्या कोऱ्या पाण्यात मोजून क्षार परत घालायचे,
रक्ताला ओळखीचं वाटेल इतपत.
नुसतं पाणी रक्ताला सोसत नाही.

एरेनफ्रीड काउत्स. मंगळवार, गुरुवार, शनिवार,
खिडकीजवळची खुर्ची.
दिवसाला पाऊण लिटर, सूपसुद्धा त्यातच धरायचं.
जिभेवर बर्फाचा खडा फिरवत ते विचारतात,
टाकी केवढी?
मी सगळं सांगते. कोळसा, नळी, खोकं, किमती.
चार तास असतात आम्हांला.
ते आपल्या यंत्राकडे बघतात, मग माझ्याकडे.
याचं पाणी माशांना? छे.
पाणी कशाला बदलता, मासा बदला.
आफ्रिकेत एक तळं आहे, आपल्या नळासारखंच जड,
तिथले काही मासे गोगलगाईच्या रिकाम्या शंखांत
संसार मांडतात. खडू त्यांना मानवतो.
आणि गाळणीचं?
ते शनिवारी.

शनिवारी त्यांनी लोणच्याच्या बरणीतून आणला
आपल्या टाकीतला जुना स्पंज.
तपकिरी, बुळबुळीत, डबक्याच्या काठचा वास.
नऊ वर्षं नळाखाली धरलेला नाही, म्हणाले,
धराल तर मरेल.
यात राहतात ते दिसत नाहीत,
पण माशांच्या मागचं सगळं तेच निस्तरतात.
दर रुग्णामागे हाताला जंतुनाशक चोळणारी मी
ती जंतूंची बरणी मांडीवर घेऊन ट्राममध्ये बसले,
झाकण अर्धवट सैल,
त्यांनाही हवा लागते म्हणून.
समोरच्या बाईनं जागा बदलली.

रविवारी द्राक्षमळ्याच्या चढावर
वेलींच्या रांगांमध्ये वाकून वाकून
योरिंडेनं बारा शंख वेचले.
एकात मालक घरी होता, तो परत ठेवला.
बांधाच्या दगडातही शंख होते,
चेपलेले, समुद्राच्या वेळचे.
नखानं खरवडून तिनं बोट चाखलं.
या डोंगरात पाणी मुरतं, मी म्हटलं,
जाताजाता हे थोडं थोडं विरघळवतं.
मग आपल्या किटलीत हेच?
हेच.
घरी येईपर्यंत ती गप्प होती.

अठरा दिवस टाकीत वाळू, शंख, स्पंज
आणि एकही मासा नाही.
सकाळी पट्टी तिथे, सकाळी पट्टी इथे.
आज? योरिंडे दात घासता घासता विचारते.
पट्टी गुलाबी. नाही.
मी रिकाम्या पाण्यात चिमूटभर खाणं टाकते,
न दिसणाऱ्यांसाठी.
शेजारचे हेल्मब्रेश्ट येऊन वाकून बघतात,
काही बोलत नाहीत. चांगला माणूस.

काल पट्टी पांढरीच राहिली.

आज मंगळवार. काटा सांगतो, दोन किलो तीनशे जादा.
हे काय, मी दटावते, सूप?
टरबूज, ते म्हणतात, आणि लगेच,
नायट्राइट?
शून्य.
किती आणणार?
अकरा शंख, म्हणून अकरा, मी म्हणते, आणि सुई उघडते.
सहाच आणा.
ते हात पुढे करतात, तोंड खिडकीकडे.
उरलेले शंख लांब लांब ठेवा,
फार भांडतात ती.