पोर्ट आठ

मार्केट यार्ड, सांगली. हळदीचं गुदाम,
पोटमाळ्यावर लोखंडी कपाटात स्विच.
झाकण काढलं तर पंख्याच्या पात्यांवर
राजापुरीचा थर.
बोटाला लागला तो घरी जाईस्तोवर निघाला नाही.

एकच निळी तार. तिच्यातूनच बोलणं जातं
आणि तिच्यातूनच जेवण.
पंगतीत वाढणारा वाकून विचारतो तसं
स्विच आधी विचारतो, अगदी हलक्या व्होल्टेजनं:
आहे का कुणी तिकडं? किती वाढू?
ओळखीचा रोध लागला तरच वीज सोडतो.
न विचारता कुणाच्या पानात ओतत नाही.

पातेलं एकशे चोवीस वॅटचं.
चार कॅमेरे अठ्ठेचाळीस,
सौद्याच्या हॉलातलं वायफाय पंचवीस,
शेठजींचा रंगीत पडद्याचा फोन सोळा.
बुधवारी वजनकाट्यावर
मान फिरवणारा नवा कॅमेरा बसला. तीस.
उरले पाच,
आणि आठव्या पोर्टवर हमालखान्याचा फोन
मागत होता सात.

दोन वॅट.
स्विचची चूक नाही. प्राधान्य 'लो',
कमी पडलं की पहिलं पान त्याचंच उठतं.
ते 'लो' मीच टाकलं होतं, दोन वर्षांपूर्वी,
चहा गार होत होता म्हणून.

लॉग उघडला. बुधवार दुपारपासून
पंधरा-पंधरा मिनिटांनी तीच ओळ:
पोर्ट आठ, मागणी आली, वीज नाकारली.
दोनशे बारा वेळा.
खालून तक्रार एकही नाही.
बिराप्पा म्हणाला, मोबाईल पोरानं नेला पुण्याला.
बायको हितंच लावती, जतहून, साडेआठला.
दोन दिस वाजला न्हाई.
वाटलं, रुसली असंल.

शेठजींचा फोन मागतो सोळा, खातो सहा.
त्याला दहावर बांधला.
बेरीज पुन्हा बोटांवर केली, स्क्रीनवर असूनही.
एकशे वीस. चार शिल्लक.
मग आठच्या पुढचं 'लो' पुसलं.
मगदूम दिवाणजी खांद्यावरून वाकले,
"ताई, हमालखाना क्रिटिकल?"
म्हटलं, यादीत तीनच शब्द आहेत, दिवाणजी.
मधला शेठजींना दिलाय.

शिडी उतरले. पोत्यांच्या थप्पीमागं
हिरवा ठिपका.
बिराप्पानं रिसिव्हर कानाला लावला,
पिवळा हात, पिवळा पडलेला रिसिव्हर,
बराच वेळ नुसता टोन ऐकत राहिला.
"आवाज हाय," म्हणाला,
आणि भरलेला पेला ठेवावा तसा ठेवला.

सहा वाजून गेले होते.
वहीत लिहिलं:
पोर्ट आठ. मागणी सात.
प्रत्यक्ष खर्च दोन पूर्णांक तीन.