सहासष्ट सेकंद

रावपुऱ्यात निकुंजभाईंच्या दुकानात
नवं मशीन काचेआड ठेवलंय.
बोटाला ओळखणारा पडदा, दिव्यांच्या रांगा,
आणि आवाज साठवायला म्हणे हद्दच नाही.
'बेन, जूनुं आपी दो,' ते म्हणतात,
'अकरा हजार कापून घेतो.'
अर्धं गुजराती, अर्धं मराठी.
आमच्याकडे सगळे सौदे असेच होतात.

माझ्या जुन्याला सहासष्ट सेकंद आठवतात.
सहासष्ट. वर एक हुंकार मावत नाही.
नवा आवाज आत घ्यायचा
तर एखादा बाहेर काढायचा.
असाच गेला मांडवीखालचा रिक्षाचा भोंगा,
घंगाळात पडणारी पहाटेची नळाची धार,
आणि एका रात्री, फार विचार करून,
पद्मजाताईंची शिंक.
पस्तीवाला तेवढा राहिला,
तोही पुरता नाही:
'पस्तीऽऽ' मधला फक्त 'ई',
पाऊण सेकंद.
दोन सूर खाली उतरवला की सनईच्या जवळपास जातो.
त्याचं नाव मी कधी विचारलं नाही.
गेल्या दिवाळीपासून तो आमच्या गल्लीत येत नाही.

सात नंबरचा पॅड एकदा दाबला की दोनदा वाजतो.
त्याच्याखाली छाणीच्या बसचं तिकीट
घडी करून घातलंय.
पावसाळ्यात तिकीट फुगतं, मग तीनदा.

आणि चौथ्या मात्रेला
जुनं जरासं उशिरा येतं.
विश्वामित्रीतल्या मगरीसारखं:
पडून, पडून,
मग एकदम.
लोक म्हणायचे, तुझ्या ठेक्यात काहीतरी आहे.
मी मान खाली घालून म्हणायची, छे, कुठलं काय,
आणि घरी येताना हसायची.
मार्चमध्ये भार्गवने मशीन उघडलं,
धूळ फुंकली, म्हणाला,
'ताई, दोष आहे हा. या सगळ्या मॉडेलांचं घड्याळ मागे पडतं.'

त्या रात्री काही वाजवलं नाही.
अकरा वर्षांची दाद
आता कुणाच्या खात्यावर टाकायची
याचा विचार करत भांडी घासली.
दिवसभर मी पगारपत्रकंच करते,
कुणाचं कुणाला जाऊ देत नाही.

शनिवारी दुकानात गेले.
निकुंजभाईंनी काच सरकवली, कापडाने पडदा पुसला.
एक, दोन, तीन
आणि बोट थांबलं.
केसभर.
मग पडलं.
समोर गिऱ्हाईक होतं, वायरी मोजत,
त्याने मान वर केली, बरोबर तिथेच.
पडद्यावर प्रश्न आला:
मात्रा सरळ करू?
हो. नाही.
मी 'नाही' दाबलं.
इतक्या जोरात दाबायची गरज नव्हती,
नवीन पॅड हलक्या हाताचे असतात.

म्हणजे तो गुंता सुटला.
आता अडचण फक्त पैशाची उरली,
आणि ती तर मोठ्याने सांगता येते.
वीजबिलाच्या पाठीवर हप्ते मांडले:
चार हजार दोनशे, अठरा महिने.
लेकीने वाकून पाहिलं, म्हणाली, 'घे की.'
तिच्या फीचा आकडा
मी अंगठ्याखाली धरला होता.

तरी एक कुठेतरी बोचत राहिलं.
नव्यात काही पुसावंच लागलं नसतं.
शिंक राहिली असती, धार राहिली असती, भोंगा,
सगळं रांगेने, नावं देऊन.
मग तो 'ई'
मी इतक्या वेळा ऐकला असता का?

हे लिहीत होते तेवढ्यात
खाली कुणीतरी सायकल लावली.
स्टँड फरशीवर घासत गेला,
शेवटी एक बारीक टण्.
चांगला होता.
मशीन लावून पाहिलं:
शिल्लक शून्य पूर्णांक चार.
गॅलरीतून ओरडले,
'अहो, सायकल काढू नका, जरा थांबा!'
आणि आत येऊन
सोळाही पॅड एकेक करून वाजवत बसले,
कोणाला जा म्हणू.