कॉम्प्रेसरच्या वेळा

हर्णैच्या बर्फ कारखान्यात मी हिशेब लिहिते.
लाद्या किती निघाल्या, कुठल्या बोटीवर गेल्या,
कुणाची उधारी नारळी पुनवेपासून तशीच.
अमोनियाचा वास केसांत मुरलाय,
नवरा म्हणतो, तू जवळ आलीस की चोंदलेलं नाक सुटतं.

दोन ट्रकांच्या मध्ये जो वेळ उरतो
तो वहीखाली दडवलेल्या कादंबरीचा.
मला एका ठरावीक जातीच्याच लागतात.
वाचनालयातले मुकादम आता विचारतही नाहीत,
काउंटरखालून काढून देतात:
"घ्या, यातही कुणीतरी आहे थोडंसं वेगळं."

थोडंसंच हवं.
राक्षस नको, उडते गालिचे नकोत.
एखादी बाई अशी, जिच्या हातची पेज प्यायली
की विसरलेलं नाव आठवावं.
किंवा भिंतीतून अधूनमधून गाभुळलेल्या चिंचेचा वास यावा
आणि घरातल्यांनी जरा सरकून
त्याला पंगतीत जागा करून द्यावी.
प्रेम असावं, पण उंबऱ्याशी घुटमळणारं.
आणि एक गोष्ट, जी सगळ्यांना माहीत आहे
आणि कुणी काढत नाही.

ह्या खेपेच्या पुस्तकात एक समई होती.
घरात कुणी खोटं बोललं की काजळी धरायची.
आणि विहीर खणायला आलेला एक परका,
जमिनीला कान लावून पाणी ऐकणारा.
धाकटी लेक त्याला ताक नेऊन द्यायची.
रिकामा तांब्या परत आणायला
तिला अख्खी दुपार लागायची.

रात्री मी हे सगळं नवशीबायला सांगते.
सासू माझी. तिला अक्षर ओळखता येत नाही,
पण कोण कुठे काय लपवतंय ते दुसऱ्या पानावर कळतं.
आम्ही सुकट निवडत बसतो,
खडे एकीकडं, शिंपल्यांचा चुरा एकीकडं.
पहिल्या रात्री म्हणाली, "लबाड आहे लिहिणारी."
दुसऱ्या रात्री, "मग? लावला कान त्यानं?"
चौथ्या रात्री तिचा हात सुपातच राहिला.

"विहीरवाला नव्हता तो.
खांब रोवायला आलेला, पाड्यात वीज आली तेव्हा.
देवरुखकडचा.
शिडीवर चढून तारेला कान लावायचा,
म्हणायचा, ऐक, येतेय, खिंडीपर्यंत आलीय.
सरपंचाच्या आधी आमच्याकडं बल्ब पेटवला त्यानं.
बा केवढा ओरडला.
मला वाटलं, उजेडाला ओरडतोय."

मी काही विचारलं नाही.
माझे थोरले दीर मेन बंद न करता फ्यूज बसवतात.
त्यांना आजवर एकदाही झटका बसलेला नाही.
आमच्याकडं हे पाहुण्यांना हसून सांगतात
आणि लगेच चहा टाकतात.

कादंबरी आज दुपारी संपली.
विहिरीला पाणी लागतं, गोडं निघतं,
माणूस कुदळ धुतो आणि जातो.
पुढं तीस पानं आहेत. त्यांत तो नाही.
चांगलंच लिहिलंय, तक्रार नाही,
फक्त एका ट्रकाच्या बारा लाद्या
मी दुसऱ्याच ट्रकाच्या नावावर टाकल्या.

रात्री नवशीबायनं विचारलं, "मग? आला?"

सुपात बोटं फिरवत म्हटलं, "आला.
उशिरा आला. केस पिकले होते.
तिनं तांब्या पुढं केला, तो म्हणाला, अजून गार आहे."

दोघींनी एकदमच वर पाहिलं.
बल्बला काजळी धरली नाही.
उलट, उतू जाण्याआधी दूध चढावं
तसा तो हळूच वर आला,
सुपातल्या सुकटीचे डोळेसुद्धा दिसले.

"व्होल्टेज," ती म्हणाली, सूप आपटून उठली.
"तुमचा कॉम्प्रेसर बंद झाला असेल."
असेल, मी म्हटलं.

त्या वेळा वहीत मीच लिहिते.
बोटी लागल्या की
कॉम्प्रेसर रात्रभर बंद होत नाही.