काठ

मागच्या वेळी दोष माझ्यावर आला होता.
टायरवाल्यानं लोखंडी पट्टी घालून बीड ओढला,
काठावरून नखाएवढा रंग उडाला,
आणि गिऱ्हाईक फोनवर म्हणालं, मॅडम, तुमचं कोटिंग कच्चं.
कच्चं!
दोनशे अंशांच्या भट्टीत वीस मिनिटं बसलेलं,
निवल्यावर मीच किल्लीनं घासून पाहिलेलं.
पैसे परत केले.
ती पावती अजून ड्रॉवरमध्ये आहे,
फाडायला हात होत नाही.

म्हणून या वेळी चाकांसोबत मी स्वतः निघाले
अंबडहून, छोट्या हत्तीत, मागे बसून.
चार चाकं, चार जुन्या चादरी,
आणि गरवारेच्या पुढचे ते खड्डे.
प्रत्येक दणक्याला चादरीत हात घालून
मी काठ चाचपत होते,
तापलेल्या लेकराचं कपाळ पाहावं तसा.

रंग तांब्याचा.
गिऱ्हाईक नमुना म्हणून भांडीबाजारातली लोटी घेऊन आलं होतं,
पोटावर हातोडीचे गोल गोल ठसे.
म्हणालं, ठोके नकोत, रंग तेवढा असाच.
सात नमुने जाळले तेव्हा कुठे जमला.

वडाळा नाक्याला मतीनभाईंचं एकच शटर.
त्यांनी आधी चहा सांगितला, मग घड्याळ काढलं,
मग अंगठी.
ती निघेना. वीस वर्षांची, बोटात रुतलेली.
टायरला लावायच्या साबणाच्या बादलीतच
हात बुडवून त्यांनी ती फिरवत फिरवत काढली
आणि खिशात टाकली.
तिथंच माझा अर्धा जीव खाली बसला.

यंत्राच्या जबड्यांना रबराच्या टोप्या,
चोचीला प्लास्टिकची नवी पट्टी.
टायरच्या ओठांना ब्रशनं साबण, दोन्ही बाजूंनी,
कंजूसपणा न करता.
पोऱ्या घाई करायला लागला तसं म्हणाले,
"समोरची बाजू खोलगटात दाब, जावेद.
तिकडे ढिलं सोडलंस तर इकडे आपोआप येईल.
जोर लावावा लागतोय म्हणजे
कुठंतरी चुकतंय."
टायर वळला, घसरला, आत गेला.
म्हैस पाण्यात बसते तसा, आवाज न करता.

मग हवा. काटा तिसाच्या पुढे,
मी कानांवर हात ठेवले,
ठप्प.
थोड्या वेळानं दुसरा ठप्प.
बीड बसला. काठ जसाच्या तसा.

तोलाचं वजन हातोडीनं ठोकायचं नाही,
आतून चिकटवायचं, हे मी सांगायच्या आत
त्यांनी शिशाची पट्टी सोलायला घेतली होती.
ठोके नकोत, मी मनात म्हटलं,
आणि ती लोटी आठवून उगाच हसू आलं.

चौथं चाक उजेडात फिरवताना ते थांबले.
"ताई, हे आमचं नाही."
केसाएवढी रेघ, काठाला धरून चार बोटं.
मग माझ्या हाताकडे पाहिलं, बोलले काही नाही.
हिरव्या काचेची एक बांगडी
कुठल्याशा खड्ड्यात टवका उडून करवत झाली होती,
आणि मी तिच्यासकट
वाटभर चाचपत आले होते.

चहा आला होता. त्यावर साय धरली.
कुणी विचारलं नसतं.
टायर चढवताना झालं म्हटलं असतं तर
गिऱ्हाईकानं मान डोलावली असती,
मतीनभाईंनी कदाचित पैसेही सोडले असते,
त्यांच्या ड्रॉवरमध्येही
अशा पावत्या असतीलच.

मी बांगड्या काढल्या. साबण लागला नाही.
रुमालात बांधल्या, मग फोन लावला.
"तीन चाकं घेऊन जा," म्हटलं,
"चौथं परत भट्टीत टाकते. रेघ आहे.
माझी."

पलीकडे तो काही क्षण गप्प होता.
इकडे जावेदनं न सांगता
चौथ्या चाकाची हवा सोडायला सुरुवात केली,
आणि मतीनभाईंनी अंगठी पुन्हा खिशात टाकली,
जी नुकतीच
अर्ध्या बोटापर्यंत चढली होती.