मांडूळ

तिसऱ्या रात्री बर्फाने पेकनच्या फांद्या मोडल्या,
फांद्यांनी तारा,
आणि केंटकीतलं आमचं फल्टन गाव विझलं.
सिलिंडरचा काटा लाल पट्टीला टेकलेला.
अच्युत म्हणाला, मी जरा कमी श्वास घेतो, त्यात काय.

सकाळी ऑर्व्हिल टॅकेट ट्रक घेऊन आला.
मागे वेल्डिंगचा जनरेटर,
ज्यावर तो लोकांच्या गोठ्यांची फाटकं सांधतो.

मी शहाणपणाने गॅरेजमधली वायर काढली,
आधीच्या मालकाची, दोन्ही टोकांना पिना.
ही ड्रायरच्या सॉकेटात घातली की
सगळं घर उजळेल, म्हटलं.
(सांगलीची इलेक्ट्रिकलची पदवी आहे माझ्याकडे.
सुवर्णपदकासकट.)

त्याने ती धरली, जसं आमच्याकडे
फाळाखालून निघालेलं मांडूळ धरतात,
तोंड कुठलं, शेपूट कुठलं, न कळून.
मग पक्कड काढून दोन्ही मुंडकी छाटली.

'तुझ्या घरातून वीज उलटी खांबावर चढेल.
ट्रान्स्फॉर्मर तिचे हजारो व्होल्ट करील.
आणि वर कुणाचा तरी लॉनी असेल.'

लॉनी कोण, मी विचारलं नाही.
तो बर्फात थुंकला, आणि कामाला लागला.

यंत्र घरापासून तीस पावलं लांब, खिडकीकडे पाठ.
धुराला वास असतो,
त्यातल्या मारणाऱ्याला नसतो.
वेल्डिंगच्या केबल गुंडाळून ट्रकमध्ये.
काम नसलं की हे पेंगतं, म्हणाला,
आणि पेंगलं की व्होल्टेजही झोपतं;
म्हणून पेंगण्याचं बटण बंद.
मीटरवर एकशे एकवीस.
मग माझ्या मनगटाएवढी वाटणारी नारिंगी वायर
दाराच्या फटीतून सरळ पलंगापर्यंत.
आधी फक्त ऑक्सिजनचं मशीन. फ्रीज नंतर.
केटलचं तर नावच काढायचं नाही.

मशीन एकदा किंचाळलं, मग धापा टाकू लागलं,
अच्युतऐवजी.

दर चार तासांनी ऑर्व्हिल यंत्र बंद करायचा,
गार होऊ द्यायचा, मगच पेट्रोल.
तेवढा वेळ सिलिंडर.
त्या अर्ध्या तासांत मी काट्याकडे बघायचे
आणि तो ट्रकमध्ये माझा अतिगोड चहा
तक्रार न करता प्यायचा.

पाचव्या दिवशी वायरमन आले.
एक पोरगा बादलीत बसून वर गेला.
आमचं यंत्र अजून धडधडत होतं.
ऑर्व्हिलने टोपी काढून हातात धरली.
मी त्या पोराचे बूट बघत राहिले.

आतून अच्युतने विचारलं, लाइट आली का?

थांब, म्हटलं,
अजून तो वर आहे.